बंद झालेल्या डिपार्टमेंट स्टोअरवर विलापिका कशी लिहावी

जुनं डिपार्टमेंट स्टोअर बंद होतं तेव्हा त्याच्यावर लिहिलेल्या बहुतेक विलापिका, म्हणजे शोककविता, एकाच जागी फसतात. त्या अख्ख्या दुकानासाठी रडायला जातात. सात मजले, चाळीस विभाग, शंभर वर्षं आणि लाखो गिऱ्हाइकं चोवीस ओळींत कोंबली की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अशी कविता एका काउंटरची लिहायची असते: बटणांच्या, हातमोज्यांच्या, पडद्याच्या कापडाच्या. तो एक काउंटर खरा उभा राहिला, तर बाकीचे मजले वाचक आपल्या आठवणीतून बांधून घेतो. म्हणून इथली निम्मी मेहनत लिहिण्याआधीची आहे.

नेमकं काय गेलं, ते आधी ठरवा

‘बंद झालं’ या दोन शब्दांत चार वेगवेगळे मृत्यू असतात: नावाचा, इमारतीचा, धंद्याचा आणि तिथल्या कामाचा. चारही एकाच दिवशी येतात असं नाही, आणि कवितेचा सूर यातला कोणता मृत्यू आहे त्यावर ठरतो.

शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरचं मार्शल फील्ड्स सप्टेंबर २००६ मध्ये ‘मेसीज’ या दुसऱ्या दुकानसाखळीच्या नावाखाली गेलं. इमारत तीच राहिली, कोपऱ्यावरची भलीमोठी घड्याळं तीच राहिली, सरकते जिने चालू राहिले. गेलं ते नाव. त्याच्यावर कविता लिहिताना ओसाड दालनं आणि कुलुपं आणली तर ती खोटी ठरेल. तिथलं दुःख हे आहे की सगळं जागच्या जागी आहे आणि तरी हाक मारायला नाव नाही. ब्रिटनमधल्या डेबनम्सचं नेमकं उलट झालं. १७७८ पासूनचा वारसा सांगणाऱ्या या कंपनीची शेवटची दुकानं मे २०२१ मध्ये बंद झाली, पण नाव एका ऑनलाइन विक्रेत्या कंपनीने आधीच विकत घेतलं होतं. म्हणजे नाव जिवंत आणि काउंटर गेले. डेट्रॉइटचं हडसन्स १९८३ च्या जानेवारीत बंद झालं. इमारत आणखी पंधरा वर्षं उभी राहिली आणि २४ ऑक्टोबर १९९८ ला सुरुंग लावून पाडली गेली. एकाच दुकानाचे दोन शोक, मध्ये पंधरा वर्षं. तिथे कवीला निवडावं लागतं की कविता शेवटच्या पावतीची आहे की पडणाऱ्या भिंतींची. दोन्ही घेतली तर दुसरी पहिलीला गिळते, कारण स्फोट नेहमीच पावतीपेक्षा मोठा दिसतो.

तुमच्या दुकानाबद्दल एका वाक्यात लिहून काढा: ‘…गेलं, पण …राहिलं.’ दोन्ही रिकाम्या जागा भरता आल्या नाहीत तर अजून माहिती जमवायची आहे असं समजा. ‘राहिलं’ची बाजू फार उपयोगी पडते. शोकाला टेकायला काहीतरी शिल्लक वस्तू लागते.

माल गोळा करणं

दुकान अजून उघडं असेल, तर बंद होण्याच्या सेलमध्ये निदान तीन वेळा जा: सेल लागल्याबरोबर, मध्यावर आणि अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत. तिन्ही वेळी दिसणारं दुकान वेगळं असतं. सुरुवातीला सूट कमी असते, फलक मोठे असतात आणि गर्दी उत्सवासारखी असते. मध्यावर कप्प्यांमध्ये भगदाडं पडतात आणि विभागांच्या सीमा पुसल्या जातात. चादरींच्या शेजारी बूट येतात. शेवटी माल संपतो आणि दुकान स्वतःलाच विकायला काढतं. हँगर, कपाटं, आरसे, पुतळे, काउंटर, सगळ्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लागतात. विलापिकेचा खरा माल बहुधा या तिसऱ्या खेपेत मिळतो.

इथे एक सापळा आहे. असे सेल पुष्कळदा बाहेरची, माल निकालात काढणारी कंपनी चालवते, आणि ती दुसरीकडचा मालही आणून भरते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत दिसणारी प्रत्येक वस्तू त्या दुकानाची असतेच असं नाही. कवितेत जी वस्तू घ्यायची, ती तिथे आधीपासून मिळत होती का, हे जुन्या विक्रेत्याला विचारून घ्या. दुकान ओळखणारा वाचक चुकीची वस्तू पहिल्या ओळीतच पकडतो आणि मग पुढच्या ओळींवरचा त्याचा विश्वास उडतो.

वहीत टिपायचं ते विशेषणांशिवाय:

- मजल्यांचा क्रम, वरून खाली, प्रत्येक विभागाच्या नावासह
- फलकांवरचा मजकूर, जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट
- ध्वनिक्षेपकावरच्या सूचना, शब्दशः
- प्रत्येक मजल्यावर एक आवाज आणि एक वास
- शेवटी काय उरलं आणि का उरलं

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. बूट आणि कपड्यांमध्ये शेवटी टोकाची मापं उरतात, फार लहान आणि फार मोठी, कारण मधली मापं आधी संपतात. क्रोकरीत संचातून सुटलेल्या एकेकट्या बश्या उरतात. हे तपशील कल्पनेने सुचत नाहीत, आणि सुचले तरी त्यांना वजन येत नाही. पाहिलेले असले की ओळ आपोआप आखूड आणि घट्ट होते.

मजल्यांचा क्रम का टिपायचा, तेही सांगायला हवं. या दुकानांची रचना विचारपूर्वक केलेली असते. अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनं तळमजल्यावर दाराशी असतात, कारण थोड्या जागेत जास्त नफा होतो आणि वास रस्त्यापर्यंत पोचतो. फर्निचर वर असतं, कारण त्याला जागा पुष्कळ लागते आणि घेणारा ठरवूनच येतो. चहाची जागा वरच्या मजल्यावर ठेवली की तिथे जाणारा माणूस वाटेतले सगळे विभाग पाहतो. म्हणजे इमारतीतून वर जाणं हा एक आखलेला प्रवास आहे. कवितेला सांगाडा हवा असेल तर तो इथे तयार मिळतो.

दुकान आधीच बंद झालं असेल, तर जुन्या पावत्या, कॅटलॉग, पिशव्या, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती शोधा. कामावर असलेल्यांशी बोला, आणि ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारू नका. ‘सकाळी आल्यावर पहिलं काम कोणतं असायचं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांकडून सारखंच उत्तर मिळतं. दुसऱ्याला मिळणारं उत्तर प्रत्येकाचं निराळं असतं.

कोण बोलतंय

गिऱ्हाइकाचा ‘मी’ सोपा, आणि म्हणूनच धोक्याचा. तो लगेच बालपणाकडे वळतो आणि दुकान बाजूला पडतं. गिऱ्हाईक बोलणार असेल तर त्याला काहीतरी काम द्या: वस्तू बदलून घ्यायला आलेला, शेवटचं गिफ्ट कार्ड संपवायला आलेला, हरवलेल्या बटणाचा जोड शोधणारा. कामात गुंतलेला माणूस कमी उसासे टाकतो.

विक्रेत्याचा आवाज जास्त दमदार, पण तो उसना घेता येत नाही. त्याच्या हातांच्या सवयी माहीत असाव्या लागतात: कापडाचं ठाण काउंटरवर आपटून उलगडणं, कडेला ठोकलेल्या पितळी पट्टीवर मापणं, काठाला कात्रीची खाच देऊन सरळ रेषेत फाडणं. जुन्या दुकानांत पैसे आणि पावती डबीत घालून हवेच्या दाबाच्या नळीतून गल्ल्याकडे पाठवत. डबी परत येईपर्यंत विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यात जी दोन मिनिटं रिकामी असत, त्यात एक कडवं सहज मावतं. विक्रेत्याच्या शोकात पगार, पेन्शन, पाठदुखी आणि पुढच्या महिन्याची काळजी असते. ते वगळून फक्त हळवेपणा त्याच्या तोंडी घातला तर तो अन्याय होतो. याबद्दल कुणाशी बोलणं झालेलं नसेल तर ‘मी’ऐवजी ‘ती’ किंवा ‘तो’ वापरा आणि बाहेरून पाहा.

वस्तूला बोलतं करण्याचा मोह टाळा. पुतळा बोलू लागला की कविता शाळेतल्या निबंधाकडे झुकते.

सांगाडा

तीन बांधण्या या विषयाला चांगल्या लागू पडतात. पहिली, उतरण. सेल पुढे सरकतो तसे बहुधा वरचे मजले आधी रिकामे करून उरलेला माल खाली आणतात. म्हणजे दुकान वरून खाली मरत येतं. प्रत्येक कडवं एक मजला खाली आणा. प्रत्येक मजल्यावर एकच वस्तू ठेवा. आणि कडवी हळूहळू आखूड करत न्या.

दुसरी, यादी. मालाची मोजदाद ही दुकानाची स्वतःची भाषा आहे. वस्तू, संख्या, अवस्था. पण यादीत चौथी-पाचवी नोंद वाकडी पडली पाहिजे. सगळ्या नोंदी एकाच जातीच्या असतील तर वाचक तिसऱ्यालाच पुढची ओळखतो. बश्या, चादरी, हँगर यांच्यानंतर ‘जिन्याजवळची उभं राहायची जागा, एक’ अशी नोंद आली की कविता जागी होते.

तिसरी, घोषणा, आणि शिकणाऱ्याने हिच्यापासून सुरुवात करावी. रोज संध्याकाळी ऐकू येणारी सूचना ध्रुवपदासारखी वापरा. शब्द रोजचेच राहू द्या. शेवटच्या दिवशी त्यांचा अर्थ आपोआप बदलतो, कवीला बोट दाखवावं लागत नाही. उदाहरण:

‘ग्राहकांनी नोंद घ्यावी, दुकान बंद होण्यास पंधरा मिनिटं उरली आहेत.’
बटणांच्या काउंटरवर ती अजून जोड शोधते आहे.
कोटाला सहा लागतात, डब्यात पाच.

‘ग्राहकांनी नोंद घ्यावी, दहा मिनिटं.’
सहावं सापडतं, रंग किंचित उजळ.
चालेल, गिऱ्हाईक म्हणतं, खाली लावीन, दिसणार नाही.

‘पाच मिनिटं.’
ती पावती लिहिते. अक्षर नेहमीचं,
तारीख नेहमीच्या जागी, वर उजव्या कोपऱ्यात.

इथे दुःखाचा एकही शब्द नाही. सूचना मात्र दर वेळी आखूड होत जाते, आणि तारीख कोणती ते सांगितलेलं नाही. वाचकाला ते माहीत आहे. नवशिक्याची लेखणी इथे ‘शेवटची तारीख’ असं लिहायला धावते. तो एक शब्द आला की कडवं कोसळतं.

छंद

मुक्तछंद या विषयाला सर्वांत सोईचा, कारण दुकानाचे शब्द (काउंटर, ट्रायल रूम, लिफ्ट, डिस्काउंट) त्यात मोडतोड न होता बसतात. पण छंदात लिहायचं असेल तर निवड कानाने करा.

अष्टाक्षरी, म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या ओळींचा छंद, बोलण्याच्या जवळची आहे आणि तिच्यात ओळ मध्येच तोडता येते:

तिसऱ्या मजल्यावर
थांबलेला सरकता
जिना, एकेक पायरी
मोजतो मी उतरता

‘सरकता’ एका ओळीत आणि ‘जिना’ पुढच्या ओळीत गेल्याने वाचणाराही क्षणभर अडखळतो. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवल्यावर असंच होतं. शरीर हालचालीची अपेक्षा धरून असतं. आशयाला असं कारण असेल तरच ओळ तोडा.

अभंगाचा साचा, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक, हा शोकासाठी फार चांगला, कारण चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड पडतो आणि श्वास तिथे थांबतो:

उतरली पाटी
अक्षरे जाऊन
दिसते अजून
फिके नाव

यातला तपशील खरा आहे. पाटीवरची अक्षरं काढली तरी त्यांच्याखालची भिंत ऊन-पाऊस-धुळीपासून वाचलेली असते, म्हणून नाव वेगळ्या छटेत वाचता येतं. शेवटच्या चार अक्षरांत वजनदार शब्द ठेवा. तिथे ‘आहे आता’ किंवा ‘झाले सारे’ असले भरीचे शब्द आले तर साच्याचा सगळा फायदा वाया जातो.

मंदाक्रांता विरहाचं वृत्त म्हणून मोह पाडतं. सतरा अक्षरं, चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा:

शोकेसांचे हळुहळु दिवे मालवूनी निघाली

गण (लघू म्हणजे आखूड आणि गुरू म्हणजे लांब अक्षरांचा ठरलेला क्रम) जुळले, ओळ गातेही सुंदर. पण किंमत पाहा. ‘हळूहळू’चा ‘हळुहळु’ करावा लागला आणि ‘मालवून’चा ‘मालवूनी’. शोकेसच्या शेजारी ‘मालवूनी’ आलं की शोक दुसऱ्या शतकातून आणल्यासारखा वाटतो. चार ओळींचं एखादं कडवं या वृत्तात चालेल. अख्खी कविता चालणार नाही. ‘काउंटर’ तर त्याच्या पहिल्या चार गुरूंत बसणारच नाही, कारण त्याची शेवटची दोन अक्षरं लघू आहेत.

दुसरा खर्डा: काय काढायचं

पहिला खर्डा तीस-पस्तीस ओळींचा होऊ द्या आणि तो वीस-पंचविसावर आणा. काढायच्या गोष्टी जवळपास ठरलेल्या असतात. ‘काळाचा ओघ’, ‘आठवणींचा ठेवा’, ‘एका युगाचा अंत’ हे आधी जातात, कारण ते कुठल्याही दुकानाला, थिएटरला, पुलाला तसेच चिकटवता येतात. ओळ तपासण्याची कसोटी हीच: दुकानाऐवजी रेल्वे स्टेशन घातलं तरी ओळ तशीच उभी राहत असेल, तर ती या कवितेची नाही. मग ऑनलाइन खरेदीवरचा राग काढा. कारणं खरी असतील, पण कारणमीमांसा लेखात लिहावी. विलापिकेत शत्रूचं नाव आलं की शोक बाजूला राहतो आणि वाद सुरू होतो. मग पहिल्या तीन-चार ओळी वाचून पाहा. बहुधा कविता पाचव्या ओळीपासून सुरू झालेली असते.

उपमा एकापेक्षा जास्त असतील तर एक ठेवा. जहाज, म्हातारी आई आणि रिकामं मंदिर एकाच कवितेत आले तर दुकान कुठेच दिसत नाही.

शोकात कोणाला जागा आहे

या दुकानांनी काही मोठ्या गोष्टी केल्या, त्या कवितेला माहीत असाव्यात. १८५२ पासून अरिस्तीद बूसिको यांनी पॅरिसच्या ल बाँ मार्शेत जी पद्धत घडवली, तिच्यात किंमत ठरलेली होती, माल परत करता येत होता आणि काही न घेताही आत फिरता येत होतं. म्हणजे अनोळखी माणसालाही तोच भाव आणि तीच वाट. पाश्चात्त्य शहरांतल्या बायकांना एकट्याने दिवस घालवता येईल अशा मोजक्या सार्वजनिक जागांत ही दुकानं होती. फिलाडेल्फियाच्या वॉनमेकर्समध्ये १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनातून आणलेला ब्राँझचा गरुड होता, आणि ‘गरुडापाशी भेटू’ एवढं सांगितलं की पुरे असे. भेटायला पैसे पडत नव्हते. दुकानाने विकायला न ठेवलेलं जे दिलं, त्यातच शोकाचं मूळ पुष्कळदा सापडतं.

पण हाच दरवाजा सगळ्यांना सारखा उघडा नव्हता. अटलांटातल्या रिचेस या नावाजलेल्या स्टोअरमध्ये गोऱ्यांच्या खाण्याच्या जागेत सेवा मागितली म्हणून ऑक्टोबर १९६० मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना विद्यार्थ्यांसह अटक झाली. अशा दुकानावर लिहिताना नुसतं ‘सगळ्यांचं होतं’ म्हणणं चालत नाही. तुमच्या दुकानात कोण आत येत नव्हतं, कोणाला बसायला खुर्ची नव्हती, कोण मागच्या जिन्याने ये-जा करत होतं, हे विचारा आणि त्यातली एक ओळ कवितेत ठेवा. कडवट टिप्पणी म्हणून नको, नुसती नोंद म्हणून: मागचा जिना, त्याचा दिवा, त्याच्या पायऱ्या. प्रेम असलेल्या जागेबद्दल खरं बोललं की प्रेमावरचा विश्वास वाढतो.

वाचून दाखवताना आणि छापताना

कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात वाचायची असेल तर दोन मिनिटांत बसवा आणि यादीच्या ओळी सावकाश घ्या. लोक प्रत्येक वस्तूवर आपली आठवण जोडतात, त्यांना तेवढा वेळ लागतो. कुणाचं खरं नाव घ्यायचं असेल तर आधी परवानगी घ्या; नाहीतर ‘चौथ्या मजल्यावरची शिवणकामवाली’ एवढं पुरतं, आणि तिथले लोक तिला ओळखतातच. मोठ्याने वाचताना जिथे आवाज आपोआप रडवा होतो ती ओळ खुणेने टिपून ठेवा. ती बहुधा आवाजाच्या आधाराने उभी असते आणि कागदावर पडते.

शीर्षकात दुकानाचं नाव असावं, ‘विलाप’ किंवा ‘निरोप’ नसावा. नाव शीर्षकात गेलं की कवितेत पुन्हा घ्यावं लागत नाही. कवितेखाली दुकान उघडल्याचं आणि बंद झाल्याचं वर्ष टाका, आणि दोन्ही वर्षं छापण्याआधी जुन्या वर्तमानपत्रांतून पडताळून घ्या. कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष आणि ती इमारत उघडल्याचं वर्ष यांची गल्लत फार होते.